साइमाअक्काचे डोळे

टर्वोनेनांच्या साइमाला बर्फाखालचा मासा दिसायचा. त्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. म्हणणाऱ्याने एकदा आमच्या तळ्यावर पोटावर पडून बघावं, मग बोलावं.

नोव्हेंबरात तळं गोठलं की पहिले आठ-दहा दिवस, वर हिम पडेपर्यंत, बर्फ काचेसारखा असतो. त्या काचेखाली लव्हाळ्याच्या कडेला, मांडीभर पाण्यात, हाउकी पडून असतो. शहरातले हौशी लोक त्याला पाइक म्हणतात. लांबलचक अंग, बदकाच्या चोचीसारखं तोंड, तोंडभर दात, आणि पाठीवर हिरवे-पिवळे ठिपके असे की गवत कुठलं आणि मासा कुठला ते देवालाही कळू नये. तो हलत नाही. तासन्‌तास हलत नाही. आम्हा बाकीच्यांना तिथं गवतच दिसायचं. साइमाला मासा दिसायचा, त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते दिसायचं, आणि तो किती किलोचा तेही ती सांगायची.

तिचा धाकटा भाऊ सुलो. त्याला काही म्हणता काही दिसायचं नाही. त्याच्याकडे हात होता. बर्चच्या मुळाचा एक सोटा त्यांच्या बापाने करून ठेवलेला, तो सुलो चालवायचा. दोघं बुटांवरून लोकरी मोजे चढवून निघायची, पाऊल वाजू नये म्हणून. साइमा अंगाने हलकी, ती पुढे. ती थांबायची, पोटावर आडवी व्हायची, दोन्ही हात डोळ्यांभोवती धरून खाली बघायची आणि नुसतं बोट दाखवायची. मग सुलोने पुढे यायचं आणि माशाच्या डोक्यावरच्या बर्फावर सोटा हाणायचा, एकच. त्या दणक्याने मासा बेशुद्ध होऊन पोट वर करतो. मिनिटभरात कुऱ्हाडीने भोक पाडून त्याला ओढून काढला तर तुमचा, नाहीतर शुद्धीवर येऊन तो चालता होतो.

"सुल्या, पाय आहेत का घोड्याचे खूर? हळू ये."

"अक्का, तू माशाकडे बघ. माझ्या पायांकडे बघायला बायको आणीन की मी."

"आणलीस! एवढी वर्षं ऐकतेय. कुणी येत असेल तर तिला म्हणावं, आधी तुझे मोजे धुऊन दाखव."

अशी त्यांची जुगलबंदी. दोघांनी लग्न केलं नाही. बाप गेल्यावर ती दोघं आणि आई. मग आईचे डोळे गेले.

आईचं आधी तळघरात सुरू झालं. बटाटे आणायला खाली उतरायची आणि हात हलवत वर यायची, म्हणायची, खाली फार अंधार झालाय हल्ली. मग संध्याकाळी दिसेना. मग काहीच दिसेना. शेवटी तिला चर्चच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवावं लागलं. साइमा दर रविवारी बसने जायची. तिथं पिवळ्या भिंती, लांब बाक, बाकावर रांगेने बसलेली माणसं, आणि कुणी जवळ आलं की सगळी एकदम म्हणायची, "कोण?" आईसुद्धा म्हणायची. पोटच्या मुलीला! परत येताना साइमा बसमध्ये तोंड फिरवून रडायची, आणि घरी आल्यावर सुलोला एकच सांगायची. "मला तिथं नाही जायचं. तळ्यात ढकल, पण तिथं नको." आई तिथंच गेली. पण ती भीती साइमाच्या पोटात राहिली ती राहिलीच.

हे सांगितलं, कारण पुढचं सगळं त्या भीतीवर उभं आहे.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं तेव्हा आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, दलदल वाळवायची. जिथं तिथं चर खणायचे, पाणी काढून द्यायचं, पाइनची झाडं लावायची. दलदल म्हणजे फुकट गेलेली जमीन, हे आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू? टर्वोनेनांच्या घरामागे मोठी दलदल होती आणि तिचं पाणी झिरपत झिरपत त्यांच्याच कोपऱ्यात तळ्याला मिळायचं. तिथंच वसंतात पूर आलेल्या गवतात हाउकी अंडी घालायचे. चरांच्या कामावर सुलोला रोजगार मिळणार होता. त्याला चेनसॉ घ्यायची होती. जमीन दोघांच्या नावावर, म्हणून कागदावर अक्काची सही लागत होती.

"आणि तळ्याचं काय?" साइमाने विचारलं.

"तळ्याला काय होतंय? जंगलखात्याचे साहेब म्हणाले, पहिल्या वर्षी थोडं गढूळ येईल. बर्फ धरला की गाळ खाली बसतो. पाणी पुन्हा होतं तसं."

"साहेबाने कधी मासा धरलाय का?"

"अक्का, एक सही. सगळ्या गावाने केली. आपणच शहाणे का?"

तिने सही केली.

यंत्राने वरचे सगळे चर खणले. पण तळ्याच्या काठची जमीन इतकी मऊ की यंत्र रुतायला लागलं, म्हणून शेवटचे चाळीस-पन्नास हात सुलोने फावड्याने खणले. मातीची शेवटची ढेप त्यानेच उचलली. भसकन पाणी सुटलं. कडक कॉफीसारखं. तळ्याच्या कोपऱ्यात त्या पाण्याची जीभ पसरत गेली ती तो फावड्यावर हनुवटी टेकून बघत बसला. बरोबरचे दोघं टाळ्या वाजवत होते.

त्या वर्षी बर्फ लवकर धरला. दोघं निघाली. साइमा आडवी झाली, हात डोळ्यांभोवती धरले, आणि बराच वेळ उठलीच नाही. मग पुढे सरकली, पुन्हा आडवी झाली. असं सकाळभर. शेवटी एके ठिकाणी तिने बोट दाखवलं, पण नेहमीसारखं नाही, जरा चाचरत. सुलोने सोटा हाणला. भोक पाडलं. काही नव्हतं. कुऱ्हाड धुवायला म्हणून त्याने भोकात घातली आणि वीतभर खाली गेल्यावर तिचं पातंच दिसेनासं झालं. चकचकीत पोलादाचं पातं! त्याने कुऱ्हाड वर काढली, पुन्हा घातली. पुन्हा तेच.

तेव्हाच त्याला कळलं. मासा न दिसणाऱ्यालाही कळेल असं होतं ते.

साइमा उठून बसली होती. मोजे झटकत म्हणाली, "सुल्या, पाणी जरा..."

आणि हा गडी घाईने बोलून गेला, "पाण्याला काही झालं नाही. बर्फाखाली बसतो ना गाळ. साहेब म्हणाले नव्हते का?"

एवढंच. त्याच्या तोंडून निघालं आणि झालं. का बोललास, असं मी त्याला खूप वर्षांनी विचारलं, तर म्हणाला, फावडं आठवलं. ती सही आठवली. वाटलं, उद्या सांगू. साइमाने त्याच्याकडे बघितलं. मग तळ्याकडे बघितलं. मग तिने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून पालथा-सुलटा करून बघितला, आणि सुलोने मान फिरवली. कारण आई तळघरातून वर आल्यावर अगदी असाच हात धरून बघायची.

उद्या आला. परवा आला. सुलो मूग गिळून बसला.

त्या हिवाळ्यात एकही मासा मिळाला नाही. साइमाने कुणाला काही सांगितलं नाही, पण घरात तिचं सगळं बदललं. मिठाच्या डब्याला तिने सुरीने एक खाच पाडली, साखरेच्या डब्याला दोन. दार ते कॉफीची किटली किती पावलं, ते मोजायला लागली. एकदा सुलो लाकडं घेऊन आत आला तर ही डोळे मिटून स्वयंपाकघरात फिरत होती, दोन्ही हात पुढे करून. त्याची चाहूल लागताच डोळे उघडले आणि म्हणाली, "कमरेत उसण भरलीय, जरा मोकळी करतेय." उसण म्हणे! सुलो लाकडं ठेवून बाहेर गेला आणि गोठ्यामागे जाऊन उभा राहिला.

डॉक्टरचं नाव काढलं की ती अंगावर यायची. डॉक्टर कागदावर लिहील, कागद पंचायतीत जाईल, आणि मग एक दिवस गाडी येईल न्यायला. सुलोने आग्रह केला नाही. डॉक्टरने तपासलं असतं तर म्हणाला असता, बाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. मग?

दुसऱ्या वर्षी बर्फ धरला तेव्हा ती इतकी खंगली होती की सुलोला बघवेना. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं झालं असतं. टेकडीपलीकडे एक तळं आहे, खोल आणि नितळ, तिथपर्यंत चर पोहोचले नव्हते. आदल्या दिवशी तो तिकडे गेला, बर्फाखाली जाळं लावलं, आणि एक चांगला तीन किलोचा हाउकी ओल्या शेवाळात गुंडाळून पोत्यात घालून आणला. थंडीत शेवाळात हा मासा कितीतरी वेळ जिवंत राहतो. सकाळी पोतं पाठीवर टाकून तो बहिणीमागे निघाला. तिने कुठंतरी बोट दाखवलं. त्याने ओरडून सांगितलं, "मागे राहा अक्का, बर्फ पातळ लागतोय इथं." सोटा हाणला, भोक पाडलं, तिच्याकडे पाठ करून वाकला, आणि पोत्यातला मासा पाण्यात बुचकळून वर काढला. फडफडत होता.

"अक्का! मारलास की!"

त्याला वाटलं, ती नाचेल. ती आली, गुडघ्यावर बसली, माशावर हात ठेवला. तिचा चेहरा असा झाला होता की सुलोला तो पुढे जन्मभर पुरला.

"होता होय इथं," ती म्हणाली. "तीन किलोचा. माझ्या नाकाखाली."

तेव्हा त्या गाढवाच्या डोक्यात प्रकाश पडला. मासा निघाला नसता तर अजून तिला शंका तरी आली असती, की तळ्यात मासाच उरला नाही, की पाण्यात काही बिघडलंय. आता शंकेलाही जागा नव्हती. मासा आहे आणि मला दिसत नाही, हे तिला त्याने हातात आणून दिलं होतं.

मग थांबायचं की नाही? पण आता न काढावा तर ती म्हणणार, काल निघाला आणि आज मला जागाही कळेना. म्हणून त्या आठवड्यात त्याने आणखी एक काढला. पुढच्या वर्षी दोन. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. बिचारा टेकडी चढून उतरून दमायचा आणि बहीण दिवसेंदिवस आंधळी होत चालली होती, चांगल्या डोळ्यांनी.

तोवर गावातल्या बाकीच्यांनी हाउकीचा नाद सोडलाच होता. काठावरचं गवत गाळाने भरलं, वसंतातला पूर तिथं चढेना, अंडी घालायला मासा येईना. दोन-चार म्हातारे गळ टाकून बसायचे आणि काळपट, हडकुळं काहीतरी घेऊन यायचे. त्यात दवाखान्यातली नर्स सांगायला लागली की गर्भार बायकांनी हाउकी खाऊ नये, त्यात पारा उतरलाय. ज्या माशावर आमच्या आया-आज्यांनी आम्हाला वाढवलं तो! लोक दुकानातून बाहेरगावचा गुलाबी मासा आणायला लागले. जाळी माळ्यावर गेली. पाण्याचं बोलणं कधी निघालं तर साइमा गप्प बसायची. सगळे म्हणायचे, मासे कमी झाले. तिच्या घरी तर दरवर्षी निघत होते. ती मनात म्हणत असेल, मासे आहेत बाबांनो, आपलंच नशीब फुटलंय.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिने आपला माग पलीकडच्या काठावरच्या एल्लीला देऊन टाकला. बापाने करून दिलेला माग, त्यावर तिने गावातल्या निम्म्या घरांच्या सतरंज्या विणल्या होत्या. एल्ली म्हणाली, "अगं, वेडी की काय? तू काय करशील?"

"विणून झालं माझं," साइमा म्हणाली.

आणि एक दिवस सुलोला म्हणाली, "दारापासून विहिरीपर्यंत एक दोरी बांधून दे. आणि विहिरीपासून सौनाच्या न्हाणीघरापर्यंत. हिवाळ्यात घसरायला होतं, धरायला बरी." सुलोने खांब रोवले, दोरी ताणून बांधली. गाठी चांगल्या पक्क्या मारल्या. बांधताना ती शेजारी उभी राहून दोरीवरून हात फिरवून बघत होती, डोळे मिटून. तेव्हा तरी बोलायचं ना रे! तोंड उघडलंही होतं म्हणे त्याने. मग म्हणाला, "एवढी उंची पुरे का?"

"पुरे," ती म्हणाली.

त्या नोव्हेंबरात त्याने टेकडीपलीकडून आणलेला हाउकी मोठा होता, पाच किलोच्या आसपास. सकाळी नेहमीसारखं नाटक झालं. घरी आल्यावर साइमा खिडकीशी मासा साफ करायला बसली. बाहेर लख्ख ऊन होतं, नुकतं गोठलेलं तळं चमकत होतं. सुलो चुलीपाशी मोजे वाळत घालत होता.

सुरीचा आवाज थांबला.

त्याने मागे बघितलं. साइमाने माशाच्या पोटातली पिशवी फाडली होती आणि तिच्या तळहातावर बोटाएवढे तीन चंदेरी मासे होते. अजून पचलेही नव्हते.

"सुल्या, हे काय आहे?"

"बारके मासे. गिळले असतील."

"मुइक्कू आहेत हे."

आमच्याकडच्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, मुइक्कू नितळ खोल पाण्यात राहतो. आमच्या तळ्यात तो कधीच नव्हता, आमच्या आज्याच्या काळातही नव्हता. टेकडीपलीकडे आहे. सुलोसारख्या पन्नाशीच्या माणसाला, जन्मभर मासे मारलेल्या माणसाला, मासा आणताना त्याचं पोट तपासायचं सुचलं नाही.

साइमाने मासा उलटा केला. कल्ल्यामागे जाळ्याच्या दोरीचा बारीक वळ उठला होता. केसाएवढा. तिने त्यावर नख फिरवलं. मग मान वर करून खिडकीबाहेर बघितलं. पलीकडच्या काठावर, चांगल्या अर्ध्या मैलावर, एल्लीच्या अंगणात कपडे वाळत घातले होते.

"एल्लीचा निळा टॉवेल फाटलाय कोपऱ्यात," ती म्हणाली. "मला इथून दिसतोय."

सुलोने हातातले मोजे खाली ठेवले.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"अक्का..."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कुऱ्हाड घातली होती भोकात. पातं दिसेना."

"पाणी."

"हो."

"आणि मी विचारत होते तुला. अर्धं वाक्य झालं होतं माझं."

"मला वाटलं, तू म्हणशील, सही करायला लावली. आणि तोंड मीच खणलं होतं त्या चराचं. शेवटची ढेप मी उचलली, अक्का. मला सांगवेना. नंतर तर सांगायची सोयच राहिली नाही."

"सही मी केली होती. त्याचं मी माझं बघून घेतलं असतं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं सुलो म्हणतो. "तळं गेलं तर तळ्यासाठी रडले असते. तू मला माझ्या डोळ्यांसाठी रडायला लावलंस. चार वर्षं मी आंधळी व्हायला शिकत होते, सुलो. आणि तू बघत होतास."

जन्मात कधी तिने त्याला सुलो म्हटलं नव्हतं. सुल्याच म्हणायची.

तिने मासा धुतला, मीठ लावून झाकून ठेवला. हात पुसले. मग आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. सुलोला वाटलं, झोपायला गेली असेल, होईल राग शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेरचा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, हातात आईची कातडी पिशवी घेऊन दारात उभी होती.

"कुठं निघालीस?"

"चर्चच्या गावी. म्हाताऱ्यांच्या घरात बाई हवीय भांडी घासायला आणि पेपर वाचून दाखवायला. एल्लीने सांगितलं होतं उन्हाळ्यात."

"तिथं?" सुलो दारापाशी आला. "अक्का, तिथं नको म्हणत होतीस ना तू. जन्मभर. आता तर तुला सगळं दिसतंय. मग तिथं कशाला?"

"दिसतंय म्हणूनच," साइमा म्हणाली.

आठ वाजताची बस वळणावर हॉर्न देत होती. सुलो पिशवी घ्यायला पुढे झाला, तिने दिली नाही. ती अंगणातून रस्त्याकडे गेली, भरभर, कशालाही हात न लावता. बस सुटली तेव्हा तो मोज्यांवरच अंगणात उभा होता, आणि आत टेबलावर मीठ लावलेला मासा झाकलेला होता. तो त्याने दोन दिवस तसाच ठेवला आणि मग पुरून टाकला.